व्होल्टेज आणि करंट: नवख्यांनी घरातल्या बोर्डापासून कसं शिकावं

कोपरखैरण्यातल्या जुन्या सिडको घराचं वायरिंग आम्ही नव्याने करून घेतलं, तेव्हा गीझरच्या वायरवरून वायरमन आणि दुकानदार यांचं एकमत होईना. एक म्हणे चारची (म्हणजे चार चौरस मिलिमीटर जाडीची) टाका, दुसरा म्हणे अडीचची चालेल. दोघंही अनुभवी. कोणाचं ऐकायचं हे ठरवण्यासाठी मला व्होल्टेज आणि करंट या दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागल्या. ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदा स्वतःचं किंवा भाड्याचं घर घेणाऱ्यांना हाच प्रश्न एसी, गीझर, इंडक्शन किंवा इन्व्हर्टर घेताना पडतो, म्हणून ज्या क्रमाने हे डोक्यात पक्कं बसलं त्याच क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. वायर जळली की लोक ‘व्होल्टेज जास्त आलं’ म्हणतात. बहुतेक वेळा व्होल्टेज नेहमीचंच असतं. वायरला न झेपणारा करंट तिच्यातून गेलेला असतो, नाहीतर कुठेतरी जोड सैल असतो. हा फरक कळला की कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही, हे आपोआप कळायला लागतं.

काय काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर. त्यावर ‘कॅट-३, ६०० व्होल्ट’ असं छापलेलं असावं. रस्त्यावर मिळणारा अगदी स्वस्तातला मीटर बॅटरीसाठी ठीक, घरच्या लाइनसाठी नको.
- जमलं तर क्लॅम्प मीटर. वायर न तोडता करंट मोजता येतो.
- ९ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या आणि एक किलोओहमचे, अर्ध्या वॅटचे चार-पाच रेझिस्टर (करंटला ठरावीक अडथळा करणारे छोटे सुटे भाग; ओहम हे त्या अडथळ्याचं माप, किलोओहम म्हणजे हजार ओहम).
- वीजबिल, वही, पेन.

रेझिस्टरसारखं सुटं सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं. वायर, स्विच, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) घ्यायची तर लोहार चाळ. चार-दोन वस्तूच हव्या असतील तर ठाणे स्टेशनजवळची किंवा वाशीतली इलेक्ट्रिकलची दुकानं पुरतात.

आणि एक मर्यादा आखून घ्या: बॅटरीवरचे प्रयोग तुमचे, सॉकेटवरचं मोजमाप सांभाळून, पण बोर्ड उघडणं आणि वायर जोडणं हे काम परवानाधारक वायरमनचंच.

१. दोघांना आधी वेगळं करा

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला दाब जास्त. नळ बंद असला तरी दाब असतोच, पाणी मात्र वाहत नाही. व्होल्टेज म्हणजे हा दाब आणि करंट म्हणजे प्रत्यक्ष वाहणारं पाणी. पाइप अरुंद असेल तर त्याच दाबाला कमी पाणी येतं, तो झाला रोध. ही तुलना इथपर्यंतच वापरा. पाइप कापला तर पाणी बाहेर सांडतं, वायर कापली तर करंट थांबतो, कारण त्याला परत जायचा रस्ता लागतो.

मोजमापात सांगायचं तर एका कूलोम विद्युतभाराला एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत नेताना एक ज्यूल ऊर्जा मिळत असेल, तर त्या दोन बिंदूंमध्ये एक व्होल्ट आहे. सेकंदाला एक कूलोम वाहत असेल, तर करंट एक अँपिअर. नववीच्या विज्ञानात विभवांतर म्हणून शिकलो ते हेच.

यातला ‘दोन बिंदू’ हा भाग लोक विसरतात. नुसत्या एका वायरला व्होल्टेज नसतं, ते नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतं. तारेवर बसलेल्या कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, त्या दोन पायांमध्ये जवळजवळ काहीच फरक नसतो, म्हणून त्याला काही होत नाही. आपण ओल्या फरशीवर उभे राहून फेजला, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या वायरला, हात लावला, तर एक बिंदू हात आणि दुसरा पाय, आणि मध्ये २३० व्होल्ट.

आपल्या सॉकेटमध्ये काहीही लावलेलं नसताना २३० व्होल्ट असतात आणि करंट शून्य असतो. व्होल्टेज पुरवठ्याकडून येतं. करंट किती वाहणार हे तुम्ही काय लावता त्यावर ठरतं.

२. बॅटरीवर हात बसवा

मीटर डीसी व्होल्टवर (डीसी म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेने वाहणारा करंट) ठेवून ९ व्होल्टची नवी बॅटरी मोजा. नऊच्या थोडं वर दिसेल. आता एक किलोओहमचा रेझिस्टर जोडा आणि त्यातून जाणारा करंट मोजा. व्होल्टेज मोजताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांना बाहेरून टेकवायचा असतो. करंट मोजताना मात्र वाट तोडून मीटर मध्ये बसवायचा, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल. तुम्हाला ९ मिलिअँपिअरच्या आसपास दिसेल. नऊ व्होल्ट भागिले हजार ओहम. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ मध्ये मांडलेला नियम तो हाच.

मग दुसरी बॅटरी पहिलीला एकापुढे एक जोडा. एकीचं धन टोक दुसरीच्या ऋण टोकात बसतं. उरलेली दोन टोकं एकमेकांत अडकवू नका, शॉर्ट होऊन दोन्ही बॅटऱ्या तापतील. आता १८ व्होल्ट, म्हणून करंट सुमारे १८ मिलिअँपिअर. रेझिस्टरला मिनिटभराने बोट लावून बघा. एका बॅटरीवर तो जेमतेम कोमट होता, आता चांगलाच गरम लागेल. व्होल्टेज दुप्पट, करंट दुप्पट, आणि उष्णता मात्र चौपट: ०.०८ वॅटवरून ०.३२ वॅट (वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर). पुढे वायरचा हिशोब करताना हे बोटाला लागलेलं ज्ञान फार कामाला येतं.

इथे लोक फसतात: करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब (मीटरची टोकदार वायर) ‘१० ए’ लिहिलेल्या भोकातच राहतो आणि तसाच मीटर नंतर सॉकेटमध्ये घातला जातो. त्या भोकातून मीटरचा रोध जवळपास शून्य असतो, म्हणजे तुम्ही फेज आणि न्यूट्रल (करंट परत जायची वायर) सरळ शॉर्ट केले. करंट मोजून झाला की त्याच क्षणी लाल प्रोब व्होल्टच्या भोकात परत ठेवा. ही सवय अंगवळणी पडेपर्यंत सॉकेटच्या वाटेला जाऊ नका.

३. घरचं व्होल्टेज मोजून लिहून ठेवा

मीटर एसी व्होल्टवर (इथे एसी म्हणजे घरच्या लाइनचा, दिशा बदलत राहणारा करंट, हवा थंड करणारा एसी नव्हे), म्हणजे व्ही अक्षराशेजारी नागमोडी रेघ असते तिथे, ६०० किंवा ७५० च्या पट्टीवर ठेवा. काळा प्रोब ‘कॉम’मध्ये. पायात कोरड्या रबरी चपला, हात कोरडे, प्रोबच्या धातूच्या टोकाला बोट लागणार नाही अशी पकड. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिल्यावर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेज, डावीकडचं न्यूट्रल असायला हवं.

तीन आकडे घ्या. फेज ते न्यूट्रल: २३० च्या आसपास. फेज ते अर्थ: जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ: दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूप कमी किंवा भलतंच वरखाली होत असेल, तर अर्थिंग नावालाच आहे. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-पंधरा व्होल्ट दिसले तर न्यूट्रलचा जोड कुठेतरी ढिला असू शकतो. दोन्ही वेळा वायरमन बोलवा.

नव्या सॉकेटला आत शटर असतं, प्रोब शिरत नाही. स्क्रूड्रायव्हरने शटर उघडायच्या भानगडीत पडू नका. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो लावा. फेज-न्यूट्रलचा आकडा त्यावर मिळतो, अर्थिंगचे दोन वायरमनकडून मोजून घ्या.

सकाळी, भर दुपारी आणि रात्री दहाच्या सुमाराला, असे आठवडाभर आकडे लिहा. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये रात्री सगळ्यांचे एसी एकदम चालू असतात तेव्हाचा आकडा सगळ्यात बोलका. २२० ते २४५ मध्ये असाल तर निश्चिंत राहा. वारंवार २०० च्या खाली जात असेल तर वहीतल्या त्या नोंदींसकट तक्रार करा.

४. प्रत्येक उपकरणाचा करंट काढा

उपकरणाच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. त्याला २३० ने भागा, अँपिअर मिळतात. मोटर असलेल्या वस्तूंचा खरा आकडा याहून थोडा जास्त येतो, पण अंदाजाला हे पुरतं.

- ९ वॅटचा एलईडी बल्ब: ०.०४
- साधा ७५ वॅटचा पंखा: ०.३३
- १,००० वॅटची इस्त्री: ४.३
- १,५०० वॅटची किटली: ६.५
- २,००० वॅटचं इंडक्शन किंवा गीझर: ८.७
- ३,००० वॅटचा इन्स्टंट गीझर: १३

आपल्याकडे छोटा सॉकेट ६ अँपिअरचा आणि मोठा, ज्याला सगळे पॉवर प्लग म्हणतात, तो १६ अँपिअरचा. किटली दिसायला एवढीशी, पण छोट्या सॉकेटची मर्यादा ती एकटीच ओलांडते. भाड्याच्या खोलीत एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर किटली आणि इंडक्शन लावणाऱ्यांनी बेरीज करून पाहावी: १५ अँपिअरच्या वर.

चार्जर आणि अ‍ॅडॉप्टरच्या बाबतीत याच समजुतीचा दुसरा उपयोग होतो. राउटरला १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर हवा आहे आणि घरात १२ व्होल्ट, २ अँपिअरचा पडला आहे. बिनधास्त लावा, पिन आणि धन-ऋण जुळत असेल तर. दोन अँपिअर म्हणजे तो देऊ शकतो ती कमाल, राउटर त्याला हवा तेवढाच घेईल. पण ५ व्होल्टच्या वस्तूला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावलात तर ती गेली. व्होल्टेज जुळलंच पाहिजे, अँपिअर गरजेइतके किंवा जास्त असावेत.

५. व्होल्टेज कमी झालं तर करंट कमी होतो की जास्त?

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबू.

गीझर हा साधा रोध आहे. व्होल्टेज २०० वर आलं तर करंट ८.७ वरून ७.६ वर येतो आणि दोन हजार वॅटचा गीझर पंधराशे वॅटचा होतो. पाणी उशिरा तापतं, एवढंच. गीझरचं काही बिघडत नाही.

सोसायटीचा पंप, जुना फ्रिज, साधा एसी यांच्यात मोटर आहे. मोटरला तेवढंच पाणी चढवायचं आहे, तेवढाच गॅस दाबायचा आहे. व्होल्टेज कमी मिळालं की ती करंट जास्त ओढते. वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली गुंडाळलेली तार, तापतं. व्होल्टेज फारच घसरलं तर कंप्रेसर सुरूच होत नाही, नुसता ‘हंऽऽ’ असा आवाज करत राहतो आणि सुरू व्हायच्या धडपडीत नेहमीच्या पाच-सहा पट करंट खातो. असा आवाज ऐकू आला तर बटण बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. लॅपटॉपचे चार्जर आणि इन्व्हर्टर एसी हेसुद्धा कमी व्होल्टेजला जास्त करंट घेऊन आपली वॅटची गरज भागवतात, पण ते त्यासाठीच बनवलेले असतात.

म्हणजे ओहमचा नियम खोटा नाही, मोटर नुसता रोध नाही.

स्टॅबिलायझरचं गणितही इथेच सुटतं. बाहेर १८० व्होल्ट असताना त्याने एसीला २३० व्होल्टवर ७ अँपिअर दिले, तर तो स्वतः लाइनमधून ९ अँपिअर ओढतो. ऊर्जा कुठून तरी यायलाच हवी. तेव्हा वायर बारीक आहे म्हणून एसीला व्होल्टेज कमी मिळत असेल, तर स्टॅबिलायझर लावल्याने त्या वायरवरचा भार वाढतो. आधी वायर बदला.

६. वायरचा हिशोब

वायरमधली उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले वायरचा रोध. यात सॉकेटचे २३० व्होल्ट कुठेच नाहीत.

मीटरच्या बोर्डापासून बाथरूमपर्यंत १५ मीटर वायर धरा. जाणारी आणि येणारी मिळून ३०. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध शंभर मीटरला सुमारे १.२ ओहम, म्हणजे आपल्या ३० मीटरला ०.३६. गीझरचे ८.७ अँपिअर गेले की ३ व्होल्ट वाटेतच जातात आणि भिंतीतल्या पाइपमध्ये २७ वॅट उष्णता तयार होते. चारच्या वायरचा रोध शंभर मीटरला अर्ध्या ओहमच्या आसपास, उष्णता ११ वॅट. एसी आणि तीन हजार वॅटच्या गीझरला चारची, दोन हजारच्या गीझरला अंतर कमी असेल तर अडीचची, दिवे-पंख्यांना दीडची, हा माझा निवाडा. वायरमन आणि दुकानदार दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, फक्त कितीचा गीझर हे दोघांनीही विचारलं नव्हतं.

वायरपेक्षा जोडाकडे जास्त लक्ष द्या. सैल स्क्रूखाली रोध अर्धा ओहम झाला, तर त्याच ८.७ अँपिअरला त्या एका ठिकाणी ३८ वॅट उष्णता निघते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं, हे लक्षात घ्या. खाडीकाठच्या आपल्या भागात, ऐरोली, वाशी, कोपरी, हवा दमट आणि खारट. पितळेच्या पिना काळवंडतात, स्क्रूवर हिरवट थर चढतो. पॉवर प्लगची पिन एका बाजूने तपकिरी झाली आहे का, सॉकेटच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलंय का, ते बघा. आणि बोर्डाजवळ विनाकारण माशांसारखा वास आला तर स्वयंपाकघरात शोधत बसू नका. तापलेल्या प्लास्टिकचा तसा वास येतो. मेन बंद करा.

लोकलच्या तारांमागेही हाच वर्गाचा हिशोब आहे. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावर पूर्वी १,५०० व्होल्ट डीसी होतं, आता २५,००० व्होल्ट एसी आहे. तीस लाख वॅट लागणाऱ्या गाडीला १,५०० व्होल्टवर २,००० अँपिअर लागतील, २५,००० वर फक्त १२०. तारा हलक्या चालतात, वाटेतली नासाडी घटते. मात्र एवढ्या व्होल्टेजला हात लागायचीही गरज नसते, तारेच्या जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. फलाटावर झेंड्याचे किंवा धातूचे लांब दांडे उभे धरू नका.

७. एमसीबी वायरसाठी, आरसीसीबी माणसासाठी

एमसीबीचं काम वायरला वाचवणं. सोळाची एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी बत्तीसची बसवून घेणं हा सगळ्यात धोकादायक जुगाड. एमसीबी पडायची थांबते आणि भिंतीतली अडीचची वायर तापत राहते. एमसीबीचा आकडा वायरवरून ठरतो, उपकरणावरून नाही. पडत असेल तर त्या लाइनवरचा भार कमी करा किंवा वायरसकट बदला.

माणसाला शॉक बसतो तेव्हा एमसीबीला पत्ताही लागत नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला ०.२३ अँपिअर वाहतात. एमसीबीच्या दृष्टीने हे काहीच नाही, पण हृदयाची लय बिघडवायला याच्या निम्मेही पुरतात. यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला नाही, म्हणजे तो कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातोय, हे ओळखून ती क्षणात लाइन तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. लाइन गेली नाही तर आरसीसीबी बदला. जुन्या घरात ती नसेल तर रंगकामाच्या आधी हा खर्च करा.

८. तक्रार आणि लोडवाढ

फक्त तुमच्या घरात दिवे मंद असतील तर दोष घरात. संपूर्ण इमारतीत असतील तर बाहेर. आणि काही दिवे मंद, काही डोळे दिपतील इतके प्रखर, असं दिसलं तर क्षणभरही विचार न करता मेन स्विच बंद करा. न्यूट्रल तुटल्याची ती खूण आहे. अशा वेळी २३० च्या लाइनवर चारशेच्या दिशेने व्होल्टेज चढू शकतं आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एकदम जातात. ‘व्होल्टेज जास्त आलं’ हे इथे मात्र खरं असतं. शेजाऱ्यांनाही सांगा.

महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२. मुंब्रा, कळवा, शीळ भागात टोरंट पॉवर ही महावितरणची फ्रँचायझी आहे, तिथल्यांनी बिलावरचा क्रमांक पाहावा. ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा.

बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. दोन एसी, गीझर, इंडक्शन अशी चौथ्या टप्प्यातल्या वॅटची बेरीज त्याच्या वर जात असेल, तर भारवाढीचा अर्ज करा. सहसा ताजं बिल, ओळखपत्र, घराचा पुरावा आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

९. इन्व्हर्टर घेताना

पंखे, दिवे आणि टीव्ही मिळून ६०० वॅट धरा. २३० व्होल्टच्या बाजूला हा करंट २.६ अँपिअर, दीडच्या वायरने आरामात जातो. तेच ६०० वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे तर ५० अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधली घट धरून साठच्या जवळ. म्हणून बॅटरीच्या केबल अंगठ्याएवढ्या जाड आणि आखूड असतात. त्या लांबवून बॅटरी बाल्कनीत ठेवायचा हट्ट धरू नका. एवढ्या करंटला एक व्होल्ट वाटेत जाणंही बारापैकी एक जाणं आहे.

बारा व्होल्ट कोरड्या हाताला लागले तरी शॉक बसत नाही, म्हणून लोक बॅटरी हलक्यात घेतात. पण दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लालभडक होतो. बॅटरीला हात घालताना अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. आधी ऋण केबल सोडवा, जोडताना ती शेवटी जोडा. टर्मिनल घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावा आणि पावसाळ्याच्या आधी एकदा उघडून बघा.